दुसरी वेलांटी

सतरा वर्षांपूर्वी अर्धवट टाकलेली कादंबरी कुमुदिनीताईंनी अखेर पेन्सिलीने लिहून पूर्ण केली आणि प्रकाशकाच्या कचेरीत नेऊन दिली. लिखाण लेखकाचंच आहे का हे ठरवणाऱ्या तपासणी यंत्राचा निकाल वाचून संपादक बोंद्रे ओशाळले.

"ताई, तुमची नवी प्रकरणं नकली ठरलीत. तुमची वाट पाहून आम्ही लेखन यंत्राकडून पूर्ण करून घेतलेली प्रत मात्र अस्सल ठरली."

"अहो, मी स्वतः लिहिलंय हे!"

"जुन्या प्रकरणांत तुमचा 'आशिर्वाद' पहिल्या वेलांटीचा आहे. लेखन यंत्राने ती चूक जपलीय. तुम्ही दुसरी दिलीत."

ती दुसरी वेलांटी नवऱ्याने मधल्या वर्षांत, त्याच्या शेवटच्या आजारपणातसुद्धा टोकून टोकून शिकवली होती.

 कुमुदिनीताईंनी खोडरबर मागून घेतलं आणि नवऱ्याची एकेक वेलांटी पुसायला बसल्या.