बैल उडाले त्याची गोष्ट

“तुह्या बापानं मानलं नाही, तू बी मानणार नाही. पण माही कापसाची गाडी एकदा उडाली होती,” पूनमसिंग म्हणाला.

“दादा, आता नको.” नातवाचं, बादलचं, बोट कॉम्प्युटरच्या बटणावर होतं. पडदा काळा होता. सकाळी त्यावर आकडे चढत होते, दुपारी ते थांबले, मग उजेडच गेला.

दिग्रसजवळच्या तांड्यात बादलचं फॉर्म भरायचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कॉम्प्युटर म्हातारा झाला होता आणि त्यातल्या जुन्या सिस्टीमवर आता काम भागणार नव्हतं. रस्ते दोन. जुनीवरच नवी चढवायची, म्हणजे आतलं सगळं जागच्या जागी राहतं. नाही तर फॉरमॅट मारायचा, सगळं पुसायचं आणि कोऱ्या जागेवर नवी टाकायची. बादलला फॉरमॅटच मारायचा होता. गिऱ्हाइकांचे कागद त्यानं पेनड्राइव्हवर काढूनही ठेवले होते. आडवा आला तो पूनमसिंग.

“पुसलेलं वापस येते काय रे?” त्यानं विचारलं होतं. विचारताना तो कॉम्प्युटरकडे पाहत नव्हता.

कोपऱ्यातल्या बाजेवर मोतीबाई बसली होती. त्याची बायको. दिवाळीत तिला लकव्याचा झटका आला. पाय परतला, हात परतला, वाचा परतली नाही. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, ऐकू येतं त्यांना. आत काय उरलं आहे ते मात्र सांगता येत नाही. बोलत राहा.

बादलनं एकदा बाजेकडे पाहिलं. त्यानं जुनीवरच नवी चढवायला लावली.

बोलत राहा, हे पूनमसिंगला सांगायची गरजच नव्हती. दिग्रसच्या बाजारापासून पुसदच्या बसस्टँडपर्यंत त्याच्या तोडीचा थापाड्या नव्हता. पण त्यातली अर्धी कमाई मोतीबाईची. लग्नात असो, एसटीत असो, त्याची थाप रंगात आली की मागून तिचा आवाज यायचा, “झूट!” आणि दोन वाक्यांत ती त्याला जमिनीवर आणायची. लोक खरे तर त्याचसाठी थांबायचे. दिवाळीपासून तो तिला रोज एक थाप ऐकवत होता. आजची कालच्याहून मोठी. मोतीबाई भिंतीकडे पाहत राहायची. कोणी न पकडलेली थाप माणसाला पचत नाही. पूनमसिंग वाळला होता.

“मेलं हे,” बादल म्हणाला. “उद्या सकाळी लोकं विम्याचे फॉर्म घेऊन दारात येतीन. बंद करतो आन् फॉरमॅट मारतो.”

“तो बारका दिवा पाह्य. लुकलुकून राह्यला ना?”

“राह्यला.”

“मंग आत काही तरी चालू हाय. माही गाडी खाली उतरेपर्यंत थांब. मंग दाब तुह्यं बटण.”

बादलनं उसासा टाकला. बोट मात्र हलवलं नाही.

“गाडी भरून कापूस,” पूनमसिंग सुरू झाला. “दिग्रसले जिनिंगवर निघालो. पोळ्याच्या बैलावाणी गाडी सजवलेली. आन् असं वावधान सुटलं म्हणतोस! कापसात हवा भरली. कापूस फुगला. गाडी उचलली ना भाऊ!”

“आन् बैलं?”

“त्याईले कोण सोडते? जुपलेले होते. वरतीबी रवंथ करून राह्यले होते. जिनिंगवरचा काटेवाला खालून बोंबलते, अबे खाली उतर, वजन करा लागते! म्हटलं, वजन असतं तं उडलो असतो काय?”

बादलच्या ओठाचा कोपरा हलला. पूनमसिंगनं बाजेकडे पाहिलं. मोतीबाई भिंतीकडे पाहत होती.

त्यानं आवाज चढवला. “अरुणावती नदी खाली राह्यली. एका बैलानं शेण टाकलं, ते सीधं एका तांड्याच्या नाईकाच्या पटक्यावर! तो वर पाहून हात जोडते. त्याले वाटलं, देवाचा परसाद.”

मोतीबाई भिंतीकडेच पाहत होती. दिवा लुकलुकत होता. बादलनं घड्याळ पाहिलं.

“झालं काय, दादा?”

“उतरून राह्यलो ना,” पूनमसिंग म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. ही गोष्ट तो पुढं ओढत होता, आणि पुढं फारसं काही उरलं नव्हतं. “उतरली गाडी. धरमसिंगच्या तांड्यात, लिंबाच्या झाडावर. धरमसिंग म्हणजे तुह्या दादीचा बाप. त्यानं शिडी लावली, एक एक बैल उतरवला. मले पाह्यलं. मी वरती राजावाणी बसलेलो. धोतर पांढरं फेक. पायात कोरे करकरीत बूट. ते बूट पाहूनच त्यानं म्हटलं, पोरगी द्यावं तं याच पोराले.”

तो थांबला. बादलनं बोटावर जोर दिला.

तेव्हा कोपऱ्यातून खरखर आली. गंजलेलं दार उघडावं तशी. बादलचं बोट आपोआप बटणावरून सुटलं. पूनमसिंग वळला नाही. वळायची त्याची छातीच झाली नाही.

“झूट,” मोतीबाई म्हणाली. शब्द जड होते, एक एक ओढून आणावा लागत होता. “बैल उडाले... असतीन. बूट कुठचे? उघड्या पायानं आलता बुढा. माह्या बापाची चप्पल... घालून गेला.”