यशवंतरावांचा हात

आंबोली घाटातल्या तिसऱ्या वळणावर गाडीचं नाक पुन्हा दरीकडे सरकलं, तेव्हा शालनवहिनींनी घाबरून ब्रेक दाबला. आपोआप फिरणारं स्टिअरिंग थांबलं.

"वहिनी, यशवंतरावांचा हात ह्या गाडीला मानवत नाही," शेजारी बसलेले गॅरेजवाले इनास मेस्त्री म्हणाले.

वहिनींचे यजमान यशवंतराव जाऊन चार महिने झाले होते. त्यांची जुनी गाडी त्यांचं चालवणं शिकली होती. ती भंगारात गेल्यावर वहिनींनी तो हात नव्या गाडीत भरून घेतला होता. पण जुन्या गाडीचा जोर मागच्या चाकांना होता. वळणात यशवंतराव हलकेच ॲक्सिलरेटर द्यायचे आणि पाठीला हात लावून कुणी पुढे न्यावं, तशी ती वळायची. नवीला पुढची चाकं ओढत. वळणात तसा जोर दिला, की ती वळायचं सोडून सरळच धावे.

"थोडं सुधारता येईल?"

"मग तो त्यांचा हात राहायचा नाही. पुसायलाच हवा. उद्या तुमची नात बसेल गाडीत."

वहिनींनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "माथ्यावरचा सरळ रस्ता तेवढा ह्यांना चालवू दे."

माथ्यापर्यंत इनासनी गाडी नेली, तिथे वहिनी पुन्हा स्टिअरिंगमागे बसल्या आणि त्यांनी हात मोकळे सोडले. पहिल्याच खड्ड्याआधी गाडी जवळजवळ थांबली आणि अलगद उतरली. वहिनींची कंबर दुखायची, म्हणून यशवंतराव अशीच उतरवायचे.

पुढे वळण दिसताच वहिनींनी ब्रेक दाबला.

"पुसा," त्या म्हणाल्या.