काळ्या खडकापाशी
बर्फात अकरा भोकं पाडून झाली, पण प्रत्येक वेळी शिशाचं वजन लावलेली दोरी लगेच तळाला टेकली. गावाचं पिण्याच्या पाण्याचं तळं आटलंय. हे दुसरं तळंही उथळ निघालं तर गाव हलवावं लागणार. बर्फ कोरायच्या यंत्रात आता एकाच भोकापुरतं पेट्रोल होतं आणि नकाशात खूण केलेली पुढची जागा समोरच. “बाबा, तिथं नको, काळ्या खडकापाशी पाडा!” स्लेजवरून उलुरियाक ओरडली. या सत्तरीच्या म्हातारीच्या वारलेल्या वडिलांचं नाव मला ठेवलंय, म्हणून आमच्या रीतीप्रमाणे बाविशीची मुलगी असूनही मी तिचे बाबा. मला लाजच वाटते. “विसरलात? तिथंच मासे धरायचात. तळ लागत नाही म्हणून आमच्यावर चिडायचात!” मी नकाशा खिशात कोंबला. खडकापाशी यंत्र घरघरलं, पाणी उसळलं. दोरी हातातून सरसरत गेली आणि संपली. तळ लागलाच नाही. मी ओरडले, “आणखी दोरी आण, पोरी!”