पाच वर्षांचा हप्ता

“दोन वर्षांतच फेडणार,” बाबुराव म्हणाले. “त्यापुढे नको.”

शहाडच्या बँकेतल्या संचिता मॅडमनी कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. बाबुरावांनी डोळे बारीक केले. आकडे धुरकट दिसत होते. शेवटी मुलाने, रत्नदीपने, वाचून दाखवले. मसाला कांडायच्या नव्या मशीनसाठी दोन लाख. दोन वर्षांत फेडायचे तर महिन्याला जवळजवळ साडेनऊ हजार.

“पावसाळ्यात मिरची कोण आणतं कांडायला?” मॅडमनी विचारलं.

“कोणी नाही.”

“मग तेव्हा हप्ता कुठून भरणार?”

“पोटाला चिमटा काढून,” रत्नदीप म्हणाला. “यांचं सगळं असंच आहे, मॅडम. मोतीबिंदू काढूया म्हटलं तर म्हणतात, आता एवढं दिसतंय ते पुरे. मिरची वासावरनं ओळखतात.”

“ओळखतोच ना? कधी चुकलो?”

“परवा चुकलात. कांबळेकाकू ओरडून गेल्या.”

बाबुराव हसले. मोहन्यातल्या त्यांच्या कांडपावर मशीन ते बघायचे आणि मिरचीचा रंग त्यांची बायको केशरबाई बघायची. ती गेल्या वर्षी गेली, ऐन मिरचीच्या दिवसांत. तिच्यामागे जलदानाचा विधी झाला, त्या दिवशी तिच्या बचत गटाच्या दोन बायका जेवून झाल्यावरही दारात घुटमळत होत्या. शेवटी एकीने हळूच सांगितलं, केशरबाईच्या नावावर गटाचं थोडं कर्ज राहिलंय. त्या बायकांचं काही चुकलं नव्हतं. बाबुरावांनी तिथल्या तिथे पैसे दिले. पण समोर तिचा हार घातलेला फोटो होता आणि त्याच्यापुढे नोटा मोजाव्या लागल्या. रत्नदीप बाजूलाच उभा होता. आपल्यामागे याच्यावर ही वेळ येऊ द्यायची नाही, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं.

“काका, पाच वर्षं केली तर हप्ता साडेचार हजारांत बसतो,” मॅडम म्हणाल्या. “व्याज चाळीसएक हजार जास्त जाईल, हे आधीच सांगते. सीझनला पैसे आले की जादा भरा, तेवढं व्याज वाचेल.”

“व्याजाचं काही नाही हो. पाच वर्षं कोणी बघितलीत? मी मध्येच गेलो तर?”

रत्नदीप खाली बघायला लागला.

“मग कर्जाचा विमा घ्या. त्याचे पैसे वेगळे पडतील. पण तुम्हाला काही झालं तर राहिलेलं कर्ज विमा कंपनी भरेल.”

“म्हणजे याच्याकडे कोणी मागायला येणार नाही?”

“नाही.”

“जलदानाच्या दिवशीसुद्धा?”

मॅडमना प्रश्न कळला नाही. रत्नदीपला कळला.

“कोणी येणार नाही, बाबा,” तो म्हणाला.

बाबुरावांनी खिशातून पेन काढलं.

“पाच करा.”

रत्नदीपने सहीच्या जागेवर बोट ठेवलं. त्यांनी बोटाशेजारी सही केली.

बाहेर आल्यावर रत्नदीप रिक्षा बघायला लागला. बाबुरावांनी त्याचा दंड धरला.

“रिक्षा राहू दे. आधी त्या मोतीबिंदूच्या डॉक्टरला फोन लाव. पाच वर्षं मिरची बघायची म्हणजे रंग दिसायला पाहिजे, रे.”