गाडी वापरात आहे

आई गेल्यावर वर्षभराने तिची स्पोर्ट्स कार विकायची म्हणून मुलाने बॉनेट उघडून ऑइल मोजायची पट्टी ओढली. टोक कोरडं ठणठणीत.

"बाबा, इंजिन कामातून गेलंय. मिळेल त्या भावाला देऊन टाकू."

"गाडी बंद असली की हिचं ऑइल वेगळ्या टाकीतून खाली इंजिनात उतरतं, म्हणून पट्टी कोरडी. गरम इंजिन चालू ठेवूनच बघायचं असतं," म्हणत बाप स्टिअरिंगवर बसला.

"अहो, तुम्हाला कुठे गाडी येते?"

वीस मिनिटांनी बाप फेरी मारून आला. इंजिन चालू ठेवून त्याने पट्टी पुसली, बुडवली आणि मुलाच्या नाकासमोर धरली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत होतं.

"तुम्ही कधी शिकलात?"

"ती गेल्यावर. दोनदा नापास झालो. गिऱ्हाइकाला सांग, गाडी वापरात आहे."