फणसखोलचा धागा

वाचकहो, मानवी बुद्धीचे अधःपतन दर्शविणारी एक विज्ञानकथा मी आता गांभीर्यपूर्वक निवेदन करीत आहे.

त्या काळी सामायिक विश्वकोश जे सांगेल, तेच गावोगावी पाणी सोडणारे जलयंत्र प्रमाण मानीत असे. 'फणसखोल हे गाव ओसाड आहे,' या एका ओळीमुळे गावाचे पाणी बंद झाले. तेथील द्रौपदाबाईंनी कोशाच्या चर्चापानावर लिहिले, "अरे, मी इथंच राहते!"

प्रत्येक विषयाची चर्चा वेगळ्या 'धाग्या'त ठेवणाऱ्या नव्या धागाप्रणालीचे प्रमुख सबनीस यांनी उत्तर धाडले, "मावशी, धागा चुकला. रहिवाशांच्या धाग्यात लिहा."

"तो उघडत नाही."

"ओसाड गावाला कसा उघडेल?"

"मग तू बोलतोस कुणाशी, मेल्या? भुताशी?"

विद्वान सबनीस विचारमग्न झाले. नंतर त्यांनी कोशात भर घातली: 'येथे भुताटकी आहे.' नळ कोरडाच राहिला.

अशा विद्वत्तेस माझा दुरूनच नमस्कार. वाचकांचा ऋणी, धोंडीराम खोपडे.