नमुन्याची जागा

पडद्यावर पिवळे डोंगर उभे राहिले.

"हे डोंगर नव्हेत," दर्शना माईकवर म्हणाली. "हा कालवाचा डिंक. केसाच्या जाडीत असे हजार डोंगर सहज मावतील."

रत्नागिरीच्या कॉलेजात आज तिच्या संशोधनाचा समारोप होता, आणि भाट्याच्या खाडीत कालवं काढणाऱ्या बायकांना मुद्दाम बोलावून तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. मधल्या खुर्चीत नसीमा. एका हाताला तिची सून तस्नीम, दुसऱ्या हाताला हौसा.

हे कॅमेऱ्याला दिसत नाही, दर्शना सांगत होती. त्यावरून एक अतिबारीक सुई फिरवायची, आंधळ्याने चेहरा चाचपावा तशी. कालव खडकाला चिकटतं ते थोडं पक्क्या रासायनिक बंधांनी आणि बाकी रेणूंच्या बारीक बारीक ओढीने. एकेक ओढ इतकी दुबळी, की जमेत धरू नये. पण त्या असतात लाखोंनी, म्हणून भरतीलाही ते सुटत नाही.

"माझं कालव आहे ते," नसीमा सुनेच्या कानात म्हणाली.

हौसाचे कान तिखट. "तुजं कशावरनं? नाव लिवलंय काय गो त्याच्यावर?"

"मला नाव वाचायची गरज नाही," नसीमा ऐटीत म्हणाली.

"आता हळूहळू मागे सरकू या," दर्शना म्हणाली. दुसऱ्या फोटोत शिंपल्याचं बूड आलं. तिसऱ्यात अख्खा खडक, मधोमध तिरकी भेग पडलेला. नसीमाची ऐट तिथेच थांबली.

खाडी सगळ्यांची होती, तो खडक मात्र एकट्या नसीमाला ठाऊक होता. बाकीच्या अर्धी टोपली घेऊन परतायच्या, हिची काठोकाठ. सुनेलाही ती वळणावरच्या कांदळीच्या झाडांपाशी उभी करायची. "पुढं चिखल आहे, रुतशील." अशी सात वर्षं झाली. खडक दाखवला तो फक्त दर्शनाला, आणि तोही तिने गळ्याला चिमटा घेऊन "कोणाला नाही सांगणार, चाची" म्हटल्यावर.

चौथा फोटो आभाळातून काढलेला. खाडीचं वळण, कांदळीचा हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे मसुराएवढा लाल ठिपका. खाली अक्षांश-रेखांशाचे आकडे.

"नमुना नेमका इथला," दर्शना खुशीत म्हणाली. "मीटरभराचीसुद्धा चूक नाही."

टाळ्या पडल्या. आपण शब्द मोडला हे दर्शनाच्या गावीही नव्हतं. कोणाला म्हणजे एखाद्या माणसाला, अशी तिची समजूत असावी. सभागृह त्यात धरलं नव्हतं.

आकडे तिसऱ्या रांगेत कोणी वाचले नाहीत. वळण सगळ्यांनी ओळखलं.

"परवा अवस ना गो? पाणी लांबवर ओसरंल," हौसा फार गोड आवाजात म्हणाली. "आम्ही येतो तवा तुजी टोपली भरलेली असते. घरातनं निघतेस तरी किती वाजता?"

निदान घरचं माणूस तरी आपलं, म्हणून नसीमाने सुनेकडे पाहिलं. तस्नीम पडद्याकडे पाहत होती. कांदळीपासून लाल ठिपक्यापर्यंत पुळणीची पांढरी, वाळूची वाट सरळ गेली होती, आखून दिल्यासारखी.

"चिखल कुठं आहे, अम्मी?"

तेवढ्यात माईकवर नसीमाचं नाव पुकारलं. हिच्या मदतीशिवाय हे काम झालंच नसतं, असं दर्शनाने तीनदा सांगितलं. नसीमा पायऱ्या चढली. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला.

"चाची, फोटो आवडले ना?" दर्शनाने हळूच विचारलं.

"पहिला बरा होता."

फोटोग्राफरने समोर बघायला सांगितलं म्हणून नसीमाने समोर पाहिलं. तिच्या रिकाम्या खुर्चीवरून हौसा तस्नीमकडे वाकली होती, आणि तस्नीम तिला चार बोटं दाखवत होती.